जुन्या गाडीतला तंबाखूचा वास: अत्तराने झाकतो, जात नाही

दिवाळीच्या सुमारास घेतलेली जुनी गाडी थंडीभर बरी वाटते. मग एप्रिल उजाडतो, बीडमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि एके दुपारी उन्हात उभ्या गाडीचे दार उघडताच शिळ्या विडी-सिगारेटचा भपकारा नाकात शिरतो. घरात कोणी ओढणारे नाही, गाडीतही कोणी ओढलेले नाही. आरशाला सुगंधाची बाटली टांगली जाते, डॅशबोर्डवर कापूर ठेवला जातो, ऊदबत्ती फिरवली जाते. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी वास परत येतो. आधीच्या मालकाने गाडी विकली, पण त्याचा धूर गाडीतच राहिला आणि उन्हाने तो पुन्हा बाहेर काढला, इतकाच याचा अर्थ.

हा त्रास केवळ नाकाचा असता, तर आरोग्याच्या सदरात त्याला जागा लागली नसती. पण गेल्या दोन दशकांतील संशोधन सांगते, की हा वास म्हणजे गाडीच्या कापडात, फोममध्ये आणि धुळीत साठलेल्या रसायनांची खूण आहे. आणि जुन्या गाड्यांचा बाजार वाढत असताना, गाडीची कागदपत्रे तपासणारी आपली व्यवस्था या साठ्याकडे पाहतही नाही.

बाजार वाढतो आहे

देशात आता नव्या गाड्यांपेक्षा जुन्या गाड्या जास्त विकल्या जातात, असे वाहन उद्योगाचे अंदाज आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत, नोंदणीकृत विक्रेत्यांनी विकलेल्या सर्व जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के असा एकच दर ठरला. तो गाडीच्या पूर्ण किमतीवर लागत नाही, विक्रेत्याला मिळणाऱ्या फरकावर लागतो. एका सामान्य माणसाने दुसऱ्याला गाडी विकली, तर हा कर लागत नाही. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनी विकायला काढणारे वाढतात, आणि ती घेणारे बहुधा पहिल्यांदाच चारचाकीत बसणारे कुटुंब असते.

बीड जिल्ह्यात गाडी ही चैन कमी आणि गरज जास्त. परळीला रेल्वे जुनी असली, तरी जिल्ह्याच्या मुख्यालयाला अहिल्यानगरहून रेल्वे येण्यासाठी सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. पुणे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर किंवा अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय, कुठेही जायचे तर रस्ताच. हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या मागे धावणारी मुकादमांची बोलेरो, गावोगावच्या फेऱ्या करणारी जीप, लग्नसराईत भाड्याने जाणारी इको अशा गाड्या दिवसाचे बारा-चौदा तास चालतात. चालकाला झोप आवरण्यासाठी विडी, सिगारेट किंवा मावा लागतो. पाच-सात वर्षांनी हीच गाडी रंग मारून, नवे सीटकव्हर चढवून बाजारात येते.

इथे एक आकडा लक्षात घ्यायला हवा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर खाण्याची किंवा चघळण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. ‘आपल्याकडे ओढतात किती जण?’ असे यावरून कुणालाही वाटेल. पण जुनी गाडी दोन-तीन हातांतून फिरलेली असते आणि त्यांतला एकच ओढणारा पुरेसा ठरतो. दुसरे असे, की तंबाखू-चुना, मावा, गुटखा यांचे डाग आणि थुंकीही गाडीत निकोटिन सोडतात. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, पण दारांच्या आतल्या कप्प्यांत त्याच्या पुड्या अजूनही सापडतात.

तिसऱ्या हाताचा धूर

ओढणारा स्वतः घेतो तो पहिला धूर. शेजारी बसलेल्याच्या नाकात जातो तो दुसरा. सिगारेट विझल्यावर, हवा स्वच्छ दिसू लागल्यावर, भिंतींवर, कापडावर आणि धुळीत जो अंश उरतो त्याला शास्त्रज्ञ ‘थर्डहँड स्मोक’, म्हणजे तिसऱ्या हाताचा धूर म्हणतात. २००९ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या एका शोधनिबंधानंतर हा शब्द सर्वत्र रुळला.

यातला मुख्य घटक निकोटिन. ते वायुरूपात बाहेर पडते, पण लगेच जवळच्या पृष्ठभागाला चिकटते. गाडीचा आतला भाग म्हणजे त्याच्यासाठी तयार सापळा. छताचे मऊ अस्तर, सीटचा फोम, पायाखालचा गालिचा आणि त्याखालचा नमदा, सीटबेल्टची पट्टी, एसीची जाळी. खोलीच्या मानाने जागा अगदी लहान आणि कापड भरपूर. थंडीत निकोटिन आणि त्याच्यासोबतची तेलकट संयुगे फोममध्ये दबून बसतात. उन्हात बंद गाडीचे आतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस-बावीस अंशांनी चढू शकते. बाहेर ४० अंश असताना आत साठच्या घरात पोचलेली हवा ही संयुगे पुन्हा मोकळी करते. पावसाळ्यातील दमटपणाही तेच करतो. म्हणून डिसेंबरात ‘स्वच्छ’ वाटलेली गाडी मे महिन्यात आणि पुन्हा श्रावणात बोलू लागते.

गोष्ट इथेच थांबत नाही. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की पृष्ठभागावर चिकटलेले निकोटिन हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग पावून नायट्रोसमाईन गटातील संयुगे तयार करते. तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगाशी ज्यांचे नाते आहे, तोच हा गट. नायट्रस आम्ल घरात गॅसच्या ज्योतीतून येते, आणि वाहनांच्या धुरातही ते असते. याच अभ्यासात एका सिगारेट ओढणाऱ्या चालकाच्या ट्रकमधील पृष्ठभागांवर ही संयुगे लक्षणीय प्रमाणात आढळली. थोडक्यात, गाडीत विडी विझते तेव्हा रसायनशास्त्र विझत नाही. जुना थर नवे पदार्थ बनवत राहतो.

मग धोका नेमका किती? २०१३ मध्ये याच प्रयोगशाळेतील संशोधकांनी या अवशेषांमुळे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या डीएनएला इजा होते, असे दाखवले. प्राण्यांवरील प्रयोगांतही दुष्परिणाम दिसले आहेत. मात्र ‘जुन्या गाडीतील वासाने अमुक जणांना अमुक आजार झाला’ असे माणसांवरील दीर्घ अभ्यासातून सिद्ध झालेले नाही, आणि तसा दावा करणे चूक ठरेल. समोर ओढल्या जाणाऱ्या विडीचा धूर याहून कितीतरी घातक आहे. तरीही लहान मुलांच्या बाबतीत काळजी घ्यावी, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. मूल सीटवर लोळते, बेल्ट चघळते, हात तोंडात घालते आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते. दवाखान्यातून बाळाला घरी आणणारी पहिली गाडी हीच असेल, तर हा प्रश्न केवळ वासाचा उरत नाही. दम्याच्या रुग्णाला तर नुसता वासही पुरतो.

साफसफाईचा अनुभव काय सांगतो

सॅन दिएगो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी विक्रीला असलेल्या जुन्या गाड्या तपासून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. ओढणाऱ्यांच्या गाड्यांत हवेत, धुळीत आणि डॅशबोर्डवर अशा तिन्ही ठिकाणी निकोटिन सापडले. त्याच सुमारास त्यांनी किमतींचाही अभ्यास केला. तिथे धूम्रपान झालेल्या गाडीची मागितलेली किंमत तशाच दुसऱ्या गाडीपेक्षा कमी होती. २०१० च्या पुढील अभ्यासात विक्रेत्यांनी केलेल्या सफाईचा काय उपयोग झाला, हे पाहिले गेले. त्या निबंधाच्या शीर्षकातच प्रयत्नांना ‘निष्फळ’ म्हटले आहे. घरांचीही तीच कथा. ओढणारे राहून गेलेली घरे सरासरी दोन महिने रिकामी ठेवून, साफ करून दिल्यानंतरही नव्या, न ओढणाऱ्या रहिवाशांच्या बोटांवर निकोटिन सापडले.

याचा अर्थ सफाई व्यर्थ आहे असा नाही. नेहमीची सफाई वरच्या थरावर थांबते आणि साठा खाली राहतो, हे त्या अभ्यासांतून कळते. त्यामुळे प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारावा: हा वास झाकतो की पदार्थ गाडीबाहेर काढतो?

सुगंधी बाटली फक्त झाकते. कापूर आणि कॉफीची पूडही तेच करतात. ऊदबत्ती आणि धूप तर उलट काम करतात, कारण त्यांच्या धुराचा नवा थर जुन्यावर बसतो. शहरांतील काही सफाई केंद्रांत ओझोन यंत्र लावून देतात. ओझोन वास मोडतो हे खरे, पण निकोटिनशी त्याचा संयोग झाला की फॉर्माल्डिहाइडसारखी त्रासदायक संयुगे आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, असे अभ्यास सांगतात. तो फोमच्या खोलात पोचत नाही आणि रबराला भेगा पाडतो. यंत्र चालू असताना गाडीत कोणी बसू नये, आणि नंतर बराच वेळ दारे उघडी ठेवावीत. खाण्याचा सोडा गालिच्यावर पसरून काढणे निरुपद्रवी आहे, पण त्याची मदत मर्यादित. सोडा आम्लधर्मी वास शोषतो, आणि निकोटिन स्वतः अल्कधर्मी आहे.

काम कशाने होते

निकोटिन अल्कधर्मी असल्यामुळे आम्ल त्याचे पाण्यात विरघळणारे क्षार बनवते. हे क्षार उडून जात नाहीत, ओल्या कापडाने पुसून काढता येतात. साध्या पांढऱ्या व्हिनेगरचा उपयोग यासाठी. क्रम असा ठेवावा.

आधी गाडी रिकामी करावी. राखेचा कप्पा, दारांचे कप्पे, सीटखालची जागा व्हॅक्युमने साफ करावी. वरून चढवलेली रेक्झिनची कव्हरे काढावीत. मराठवाड्यात विकाऊ गाड्यांवर ती सर्रास असतात, आणि मूळ कापडातला वास व जळल्याच्या खुणा त्यांच्याखालीच दडलेल्या असतात.

मग कडक पृष्ठभाग. डॅशबोर्ड, स्टीअरिंग, दारांचे प्लास्टिक आणि आतल्या काचा आधी भांड्यांच्या सौम्य साबणाच्या पाण्याने, नंतर एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी या मिश्रणाने पुसाव्यात. फडके पिवळे येत असेल तर नवे घ्यावे. तेच फडके फिरवत राहिल्यास थर नुसता पसरतो. चामडे आणि टचस्क्रीनवर व्हिनेगर लावू नये. कापडावर आधी कोपऱ्यात लावून पाहावे. मावा-तंबाखूच्या चुन्याचे पांढरे डागही व्हिनेगरने सुटतात. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केल्यास दोघांचा परिणाम एकमेकांत संपतो. व्हिनेगर आणि ब्लीचिंगचे द्रावण तर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद गाडीत तो जीवघेणा ठरू शकतो.

सीट आणि गालिचे नुसते वरून घासून भागत नाही. साबणपाणी आत सोडून तेच पाणी लगेच ओढून घेणारे यंत्र बऱ्याच सर्व्हिस सेंटरमध्ये असते. ओढलेले पाणी तपकिरी येते तोवर काम बाकी आहे असे समजावे. पायाखालचे मॅट स्वस्तात मिळतात, ते बदलूनच टाकावेत. छताचे अस्तर मात्र भिजवू नये. ते गोंदाने चिकटवलेले असते, भिजले की लोंबते. ओलसर फडक्याने एकाच दिशेने हलके टिपावे. धूर वर चढतो, त्यामुळे सर्वांत जास्त थर तिथेच असतो. एवढे करूनही वास राहिला, तर अस्तर बदलणे हाच मार्ग उरतो.

एसीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. काचा बंद करून, आतलीच हवा फिरवत ओढलेली प्रत्येक सिगारेट एसीच्या थंड जाळीतून गेलेली असते. ज्या गाड्यांत केबिन फिल्टर असतो, तो बहुधा ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो आणि काही शे रुपयांत बदलून मिळतो. सक्रिय कोळशाचा थर असलेला मिळाल्यास उत्तम. जाळी मेकॅनिककडून धुऊन घ्यावी. हे न करता सीट धुतली, तर एसी सुरू करताच जुनाच वास तोंडावर येतो.

शेवटचा आणि फुकटचा उपाय बीडच्या उन्हाळ्याकडे आहे. जो उन्हाळा वास बाहेर काढतो, तोच सफाईलाही मदत करतो. गाडी दुपारी दोन-तीन तास काचा बंद करून उन्हात ठेवावी, मग सावलीत आणून चारही दारे आणि डिकी अर्धा-पाऊण तास सताड उघडी ठेवावी. उष्णतेने सुटलेली संयुगे बाहेर निघून जातात. तेव्हा आत कोणी बसू नये, आणि मूल किंवा जनावर तर क्षणभरही बंद गाडीत ठेवू नये. हा क्रम दोन-तीन आठवडे चालवावा लागतो. धुतलेला फोम एप्रिलच्या कोरड्या हवेत लवकर वाळतो. पावसाळ्यात धुतल्यास तो ओलाच राहतो आणि तंबाखूच्या वासात बुरशीचा वास मिसळतो. त्यामुळे मोठी धुलाई मृग लागण्यापूर्वी उरकावी. पुसताना हातमोजे घालावेत, आणि सफाई पूर्ण होईपर्यंत लहान मुलांना त्या गाडीतून नेणे टाळावे.

कायदा धूर पाहतो, थर पाहत नाही

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू आहेत. बस, रिक्षा, काळी-पिवळी जीप ही सार्वजनिक वाहने त्यात येतात. दंड २०० रुपयांपर्यंत. प्रवासी वाहन चालवताना चालकाने धूम्रपान करणे हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार परवान्यावर कारवाईचे कारण ठरू शकते. प्रत्यक्षात प्रवासी उतरल्यावर, रिकाम्या परतीच्या फेरीत पेटलेली विडी कोण पाहतो? खासगी गाडी तर या कायद्याच्या बाहेरच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून, गाडीत १८ वर्षांखालील कोणी असेल तर खासगी गाडीतही धूम्रपान बेकायदा आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले, आणि ते एप्रिल २०२३ पासून लागू झाले. विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे, गाडी ताब्यात आल्याचे कळवायचे आणि तिच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची. चोरीच्या आणि गुन्ह्यातील गाड्यांना आळा घालण्यासाठी हे आवश्यकच होते. पण गाडी किती किलोमीटर आणि कशासाठी फिरली हे लिहिणारी वही, ती आतून कशी वापरली गेली याबद्दल एक ओळही मागत नाही. ‘या गाडीत धूम्रपान झाले आहे का?’ हा एक प्रश्न विक्रीच्या कागदावर छापायला सरकारला काही खर्च येत नाही. विक्रेत्याने लेखी उत्तर दिले, तर ते खोटे निघाल्यावर ग्राहकाच्या हातात काहीतरी राहील. आज तोंडी शब्दापलीकडे काही राहत नाही. किमतीच्या घासाघीशीत टायर, बॅटरी, विमा हे मुद्दे येतात. आतल्या हवेचा मुद्दा आपल्या बाजारात अजून आलेला नाही, म्हणून ती साफ ठेवणाऱ्या मालकाला चार पैसे जास्त मिळत नाहीत.

तोवर तपासणीची जबाबदारी घेणाऱ्यावरच आहे. गाडी पाहायला सकाळच्या गारव्यात न जाता दुपारी जावे. सुगंधाची बाटली आधी काढायला लावावी, काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवावी आणि दार उघडताच पहिला श्वास घ्यावा. दोन-चार मिनिटांत नाक सरावते. ओढणाऱ्या विक्रेत्याला तो वास येतच नसतो, त्यामुळे ‘कसला वास?’ हे त्याचे उत्तर प्रामाणिकही असू शकते. सोबत न ओढणाऱ्या घरच्या माणसाला न्यावे. एसी आतली हवा फिरवण्यावर लावून पाहावा. चालकाच्या डोक्यावरचे छत आणि उन्हाची झडप व्हिनेगरच्या ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसावी. सीटकव्हर उचलून पाहावे, सीटबेल्ट पूर्ण ओढून हुंगावा. फडके पिवळे-तपकिरी आले, तर धुलाई, फिल्टर आणि गरज पडल्यास छताचे अस्तर यांचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावा. घरात तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर दुसरी गाडी पाहिलेली बरी.

आणि आज ज्यांच्या गाडीत विडी पेटते, त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे. काच खाली करून ओढलेल्या विडीचाही काही धूर आतच राहतो. ही गाडी उद्या कुणाच्या तरी घरी जाणार आहे, आणि त्याआधी रोज संध्याकाळी तिच्या मागच्या सीटवर आपलीच लेकरे बसणार आहेत.